तिचं बीपी मी वाढवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, सख्ख्या भावाला नाही. लपवायला फार कष्टही पडले नाहीत — कुणी कधी विचारलंच नाही. माझ्यासारख्या माणसाला असलं काही विचारावं, हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

माझ्यासारखा म्हणजे कसा? तर — माझी उभी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासण्यात गेली. काटा जे दाखवतोय ते खरं आहे की नाही, हे ठरवणं माझं काम. माझी सही झाल्याशिवाय गेज लाईनवर जात नसे. ही सवय कारखान्यापुरती राहिली नाही. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं माप बिल्डरने कागदावर फुगवून लिहिलं होतं, ते मी टाकीत उतरून, टेप लावून सिद्ध केलं. तेव्हापासून सोसायटीत म्हण पडली — यांनी आकडा सांगितला ना, मग परत मोजायचं नाही.

परत मोजायला हवं होतं. कुणीतरी, एकदा तरी.

माझी बायको सुनंदा. शाळेत भूगोल शिकवायची. शाळेने एकदा जुने नकाशे रद्दीत काढले, तेव्हा भारताचा एक मोठा, वर-खाली लाकडी दांडी असलेला नकाशा तिने घरी आणला आणि आमच्या पॅसेजमध्ये टांगला. मुलगा अनिकेत तेव्हा कॉलेजला गेला होता, हाताशी थोडी सवड आली होती. तिने बेत मांडला — दरवर्षी एक ठिकाण. एका वर्षी तुमच्या मनातलं, एका वर्षी माझ्या. नियम दोनच. दुसऱ्याने निवडलेल्या ठिकाणाला नाकं मुरडायची नाहीत, आणि दोघंही तिथे उभे राहिल्याशिवाय ठिकाण 'झालं' म्हणायचं नाही. झालं, की ती आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढून नकाशावर चिकटवायची. हंपीवर टिकली. कच्छच्या रणावर टिकली. कन्याकुमारीच्या टिकलीचा अर्धा भाग समुद्रात गेला होता, त्यावर ती बराच वेळ हसली होती.

माझी ठिकाणं सगळी सपाट. तिची सगळी उंच. हे मला आधी लक्षात आलं नव्हतं — की आलं होतं?

तिच्या पाळीला आम्ही सिक्कीमला गेलो. तिथल्या एका खिंडीत गाडी थांबली, सगळे बर्फात उतरले. मी उतरलो, चार पावलं टाकली आणि माझा श्वास अडकला. म्हणजे खरंच अडकला की घाबरून अडकला, ते आजही सांगता येणार नाही. छाती धडधडायला लागली, बोटं वाकडी झाली, मी ओरडलो. मोठ्याने ओरडलो, लहान मुलासारखा. लष्कराच्या जवानांनी मला धरून खोलीत नेलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि एक जवान माझी पाठ चोळत "कुछ नहीं, अंकल, कुछ नहीं" म्हणत बसला. सुनंदा माझ्याजवळच बसली होती. मीच तिला हाकललं — जा, बघून ये, एवढं आलीस तर. ती गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. स्वेटरच्या बाह्या वर करून दोन्ही हातांनी बर्फ उचलत होती. पन्नाशीला आलेली बाई, आणि अशी दिसत होती की मी तिला ओळखलं नसतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तरीही एवढ्यावर ते राहिलं असतं. पण भाऊबीजेला आम्ही वारज्याला तिच्या माहेरी गेलो. तिथे शेतं जाऊन इमारती आल्या, तरी भाऊबीजेला सगळं खानदान एका ताटाभोवती जमतं. तिथे तिने सिक्कीमची गोष्ट सांगितली. वाईट हेतूने नाही. ती वर्गात सांगते तशी, हातवारे करून सांगितली. "आमचे हे आत नळी लावून बसलेले, आणि मी बाहेर बर्फाचे लाडू वळतेय!" सगळे हसले. तिचा भाऊ तानाजी तर ताट बाजूला सारून हसला.

"काय दाजी, हवा कमी पडली व्हय? मग कंपनीतनं सिलिंडर भरून न्यायचा की! तुमच्याकडं काय कमी हाय का हवेला?"

मीही हसलो. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "अहो, राग नाही ना आला? गंमत केली." मी म्हटलं, छे.

आला होता. आणि तो गेला नाही. चाळीस-पन्नास माणसांसमोर मी हास्यास्पद ठरलो, आणि तेही तिच्या तोंडून — हे मी महिनोन् महिने आत घोळवत राहिलो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, त्याला स्वतःची एक फजिती गिळता येईना. काय म्हणायचं याला? मी स्वतःला स्वाभिमानी म्हणायचो.

मधलं वर्ष माझं होतं, आम्ही ओडिशाचा किनारा केला. पुढचं तिचं. तिने लेह सांगितलं. सिंधू बघायची होती तिला. दरवर्षी फळ्यावर सिंधूचा उगम काढते, तिचा मार्ग काढते, मुलांकडून उपनद्या पाठ करून घेते — आणि मी ती नदी पाहिलेलीच नाही, म्हणजे मी मुलांना ऐकीव सांगते, असं तिचं म्हणणं. ती हे हसत म्हणायची, पण ते तिला लागायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय नाही.

लेहचं नाव ऐकलं आणि मला सिक्कीमची ती नळी आठवली. मला परत वर जायचं नव्हतं. ते मी बोललो असतो तर? ती काय म्हणाली असती? काहीच नाही. "बरं, मग दुसरं काहीतरी बघू," एवढंच म्हणाली असती. पण मी बोललो नाही. नुसताच तोंड पाडून हिंडत राहिलो. शेवटी तिनेच ओळखलं. एका संध्याकाळी चहा घेताना अगदी सहज म्हणाली,

"तुम्हाला तिथे त्रास होतो, तर तुम्ही नका येऊ. टेकडीवरची मंगल आणि शाळेतल्या चौघीजणी जातायत जूनमध्ये. मी त्यांच्याबरोबर जाऊन येते."

"आणि आपला नियम?"

"अर्धी टिकली लावू!" ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्यावर माझं डोकं फिरलं. इथे नीट ऐका, कारण आजवर मी स्वतःलाही हे गुळमुळीत करून सांगत आलोय. वर जायची भीती ही एक गोष्ट होती. पण आता तर मला जायचंच नव्हतं. तिने मला मोकळं केलं होतं. माझी भीती तिथे संपली होती. त्यापुढे जे केलं ते भीतीपोटी केलेलं नाही. ती माझ्याशिवाय जाऊ शकते, आणि खुशीत जाऊ शकते — हे मला सहन झालं नाही. खिडकीतून दिसलेली ती बर्फातली बाई मला परत बघायची नव्हती. दुसऱ्या कुणाला दिसायलाही नको होती.

सहलवाल्यांनी पन्नाशीपुढच्यांसाठी डॉक्टरांचा दाखला मागितला होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, सगळं ठीक म्हणाले. फक्त, बीपी आठवडाभर घरी मोजा आणि मग या, असं सांगितलं. घरी बीपीचं मशीन होतंच. ते मी कारखान्यात नेऊन स्वतः तपासून आणलं होतं, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातलं यंत्रही वर्षातून एकदा मीच तपासून देत असे. त्यामुळे डॉक्टरांचा माझ्यावर केवढा भरवसा!

मोजतानाचे माझे नियम असत. पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही, आणि ज्याचं बीपी मोजायचं त्याने आकड्याकडे बघायचं नाही. आकडा बघितला की माणूस बिथरतो आणि पुढचं रीडिंग चुकतं. नियम बरोबरच आहे. सुनंदा शिस्तीची, ती डोळे मिटून बसायची. पट्टा फुगला, सुटला, मशीन वाजलं. मी आकडा पाहिला. उत्तम होता. तरण्या मुलीचा असावा तसा.

"किती?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

आणि मी म्हणालो, "एकशे अठ्ठावन्न. खालचं शहाण्णव."

आधीपासून ठरवलं होतं का? नव्हतं. शपथ घेऊन सांगतो — पण माझ्या शपथेला आता काय किंमत? शिवाय पहिला दिवस एक वेळ सोडून द्या. पुढचे सहा दिवस? ते तर ठरवून झाले. माझ्या हाताखालची नवी पोरं कधीकधी गेज न लावताच रीडिंग लिहायची. मी ती पाहताक्षणी पकडायचो. खोटं रीडिंग फार नीटनेटकं असतं, रोज सारखं येतं. खरं रीडिंग थोडं वर, थोडं खाली, वेडंवाकडं पडतं. हे मी त्या पोरांना दम देऊन शिकवलेलं. तेच शिकलेलं मी घरी वापरलं. एक दिवस एकशे एकोणपन्नास सांगितलं, की तिचा चेहरा जरा खुलायचा. दुसऱ्या दिवशी एकशे बासष्ट. एक दिवस एकशे चव्वेचाळीस — त्या दिवशी तिने मला शिरा करून घातला. मी तो खाल्ला.

खाल्ला! त्या शिऱ्याचा घास मला अडकला नाही. लोक म्हणतात, पाप केलं की झोप लागत नाही. मला छान लागायची.

आठवड्याने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी स्वतः मोजलं तर त्यांच्याकडे चांगलं आलं. ते चक्रावले. म्हणाले, "लोकांचं दवाखान्यात वाढतं आणि घरी कमी येतं. यांचं उलटंच आहे." त्या क्षणी एक शब्द बोलून सुटता आलं असतं. मग त्यांनीच मान हलवली — "पण आकडे तुमचे आहेत म्हटल्यावर शंका घ्यायची म्हणजे माझ्याच यंत्रावर घ्यावी लागेल!" आम्ही तिघंही हसलो. गोळी सुरू झाली. यंदा लेह नको, असं ठरलं. यंदा नको म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

ती रडली नाही. घरी येऊन मंगलला फोन केला, "माझंच शरीर आडवं आलं गं," म्हणाली. मग माझ्याकडे आली आणि माझी — माझी! — माफी मागितली. म्हणाली, "मी उगाच तुम्हाला चिडवत होते, बघा. तुमचं दुखणं दिसलं तरी. माझं आतल्या आत चाललं होतं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही तोडून टाकावासा वाटतो.

बातमी वारज्याला पोचली. तानाजी भेटायला आला. यावेळी थट्टा नाही. दोन्ही हात धरून म्हणाला, "दाजी, तुम्ही हाय म्हणून ताई हाय. दुसऱ्याच्या ध्यानातबी आलं नसतं." आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. भाऊबीजेचं उट्टं फिटल्यासारखं वाटलं. एवढा क्षुद्र माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही, आणि हा रोज दाढी करताना आरशात भेटतो.

सुनंदा वर्षानुवर्षं रोज सकाळी टेकडीवर जायची. भराभर चढायची, वर मंगल आणि इतर बायकांबरोबर बसायची. गोळी सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत उतरताना तिला चक्कर आली आणि ती पडली. मनगट मोडलं. का पडली? चांगलं असलेलं बीपी गोळीने खाली आणलं, म्हणून पडली. त्या दिवशी घरी मोजलं तर आकडा इतका खाली होता की मी पट्टा पुन्हा बांधून परत मोजलं. तेव्हा तरी बोललो का? नाही. डॉक्टरांना फोन करून जरासं कमी वाटतंय म्हणून सांगितलं, खरं होतं त्यापेक्षा वरचं. त्यांनी गोळी अर्धी केली. मनगट जुळलं, पण टेकडी सुटली ती सुटलीच. "मला आता चढ झेपत नाही," असं ती सगळ्यांना सांगायला लागली. मग चढावरचं देऊळ सुटलं. लिफ्ट बंद असली की ती खाली बाकावर बसून राहायची, पण जिना चढायची नाही. मी ते बघायचो. वरून चहाचा थर्मास घेऊन खाली यायचो, आणि सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, काय जपतात हो तुम्हाला!

त्या फोननंतर मोजताना मी एकही खोटा आकडा सांगितला नाही. गरजच उरली नव्हती. खरं रीडिंग रोज चांगलं यायचं, आणि सगळे म्हणायचे, गोळी लागू पडली. म्हणजे आता खरं बोलूनही माझं खोटंच पक्कं होत होतं. कारखान्यात असा गेज मी हातोड्याने फोडून भंगारात टाकला असता.

नकाशावर आम्ही त्यानंतरही टिकल्या लावल्या. तिची पाळी आली की ती आपणहून सपाट गाव सांगायची. एकदा पुद्दुचेरी, एकदा अमृतसर. मी नाकं मुरडली नाहीत. नियम होता ना.

आता ती निवृत्त झाली आहे. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सून पण तिथेच. आईला निवृत्तीची भेट म्हणून त्याने परस्पर लेहची विमानाची चार तिकिटं काढली, हॉटेलं धरली. नकाशा बघत मोठा झालेला मुलगा तो, आईचं काय राहिलंय ते त्याला माहीत होतं. तिने नको म्हटलं, तर तो आम्हा दोघांना नव्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. जुने डॉक्टर आता नाहीत. बाईंनी सगळ्या तपासण्या पाहिल्या. म्हणाल्या, "काकू, इतक्या कमी गोळीवर इतकं छान बीपी? मला तर वाटतं, हळूहळू बंद करून बघू. आणि लेहला बेताने, थांबत थांबत जायला काही हरकत दिसत नाही."

अनिकेतचा चेहरा फुलला. सुनंदा मात्र घाबरली. चक्क घाबरली — बाकाच्या कडेला सरकून बसली.

"नको हो, डॉक्टर. तुम्ही सुरुवातीचं पाहिलं नाहीत म्हणून म्हणताय. एकशे अठ्ठावन्न होतं माझं. शहाण्णव खालचं." तिला पाठ होतं. उपनद्यांसारखं पाठ होतं. मग ती माझ्याकडे वळली. "अहो, होतं ना?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. खोलीत माझ्यावर हसणारं कुणी नव्हतं. मला कुणी ओढून वर नेत नव्हतं, मला सोडून कुणी जात नव्हतं. माझ्या वयाला आता कसली लाज आणि कसलं उट्टं? एक शब्द पुरला असता.

"होतं," मी म्हणालो.

बाईंनी गोळी चालू ठेवली. आमची दोन तिकिटं रद्द झाली. मुलगा आणि सून गेले. परवा दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मागे नदी होती, हिरवट, भरभर वाहणारी. सुनंदाने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला, तरी समाधान झालं नाही म्हणून खिडकीशी उजेडात गेली. "प्रवाह दाखव, प्रवाह. वळण दाखव ना, अनिकेत. तो बघ, तो गाळ बघ," असं मुलाला-सुनेला शिकवत होती. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "किती वारा आहे तिथे. बरं झालं आपण गेलो नाही. मला झेपलंच नसतं."

तिला झेपलं असतं. तेव्हाही, आत्ताही.

मला यावर कुणी काही म्हणावं असं नाही. समजूत घालू नये, तोडगा सुचवू नये. एवढंच, की एक आकडा मी आजवर तोंडातून काढलेला नाही, तो लिहून ठेवतो. त्या पहिल्या संध्याकाळी ती डोळे मिटून बसली होती, मशीन वाजलं, आणि त्यावर आलं होतं — एकशे बावीस. खालचं अठ्ठ्याहत्तर.